फोटो कुठून काढलास?

शिकागो,
१२ ऑक्टोबर

प्रिय जर्सीकरा,

तुझा फोटो मिळाला. संध्याकाळचं मॅनहॅटन, आणि खाली तीन शब्द : ‘बघ आणि जळ’. बघितलं. थोडा जळलोही, खोटं कशाला बोलू? पण याचं उत्तर मोबाइलवर अंगठा उमटवून देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. सांगलीच्या हॉस्टेलवर मुंबई मोठी की पुणं, यावर आपण किती रात्री जाळल्या! गंमत म्हणजे आपण दोघंही ना मुंबईचे, ना पुण्याचे. आजही तेच चाललंय. तू न्यूयॉर्कच्या बाजूनं भांडतोस आणि घर तुझं होबोकनला.

उंचीचा हिशेब आधी चुकता करतो. २०१३चा नोव्हेंबर आठवतो? तुमच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचं छत १,३६८ फुटांवर, पडलेल्या उत्तर टॉवरच्या छताएवढंच मुद्दाम राखलेलं. आमच्या विलिस टॉवरचं (आमच्या तोंडी अजून सिअर्सच) १,४५० फुटांवर. सरळ हिशेबात आम्ही उंच. पण तुमच्या छतावर ४०८ फुटांचा एक खांब होता. तो इमारतीचा भाग धरला तर १,७७६ फूट, म्हणजे बरोबर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं साल. नुसता अँटेना धरला तर त्याचे मार्क शून्य. मूळ आराखड्यात त्या खांबाभोवती कवच होतं. देखभाल जमणार नाही म्हणून ते काम चालू असतानाच काढून टाकलं आणि तिथूनच वाद पेटला. निवाडा करणारी उंच इमारतींची परिषद शिकागोत बसते. पंच आमच्या गावात, तरी निकाल तुमच्या बाजूनं! देवळाची उंची कळसापर्यंत मोजायची, वरच्या ध्वजाच्या काठीपर्यंत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही गुरवानं सांगितलं असतं.

कळस चढवून बाजी मारायची तुमच्या गावाची खोड जुनीच. क्रायस्लर इमारत आणि ४०, वॉल स्ट्रीट यांची शर्यत लागली, तेव्हा क्रायस्लरवाल्यांनी १८५ फुटांचं शिखर इमारतीच्या पोटात गुपचूप जोडून ठेवलं. ऑक्टोबर १९२९मध्ये ते दीड तासात वर काढून बसवलं आणि समोरच्याच्या तोंडचा घास काढून घेतला. वर्ष-दीड वर्षात एम्पायर स्टेट उभी राहिली आणि क्रायस्लरचाही मुकुट गेला. असो. आता तर तुमचं सेंट्रल पार्क टॉवर आहे. त्याचं छतच १,५५० फुटांवर, काठीचा प्रश्नच नाही. उंची तुमची. हे मी लेखी देतो आहे, फ्रेम करून ठेव.

आता माझं ऐक.

मी तीस वर्षं या गावात स्ट्रक्चरल ड्रॉइंगं तपासली, त्यामुळे माझी नजर इमारतीच्या डोक्याआधी पायाकडे जाते. तुमचं मॅनहॅटन खडकावर बसलंय. शिकागोच्या खाली आहे चिकणमाती, मळलेल्या कणकेसारखी. पक्का खडक शंभर फुटांच्या आसपास किंवा त्याहून खोल. अशा जमिनीवर उंच बांधायचं म्हणजे कणकेवर पाटा ठेवण्यासारखं. म्हणून १८८०च्या दशकात इथल्या लोकांनी रेल्वेचे रूळ आडवे-उभे रचून, काँक्रीटमध्ये गाडून तराफे केले आणि त्यांवर इमारती अक्षरशः तरंगत ठेवल्या. मोनॅडनॉक इमारत तुला दाखवली होती, आठवतं? तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१चा, सोळा मजले, बोजा विटांच्या भिंतींवर. तळाशी भिंत सहा फूट जाड! ती खचणार हे धरूनच बांधली होती, पण १९४०पर्यंत वीस इंच खचली. धरलं होतं त्याच्या दुपटीहून जास्त. दोनच वर्षांनी, १८९३मध्ये, तिला दक्षिणेचा भाग जोडला तो पोलादी सांगाड्यावर. एकाच इमारतीत जुनं जग संपतं आणि नवं सुरू होतं. मधली रेघ मात्र शोधावी लागते.

तो सांगाडा आमच्याकडचा. १८७१च्या ऑक्टोबरात शहराचा मधला भाग जळून खाक झाला, जमिनीचे भाव चढले, आणि १८८५मध्ये विल्यम ले बॅरन जेनी यांनी होम इन्शुरन्स इमारत उभी केली. दहा मजले. वजन भिंतींवरून उतरवून लोखंड-पोलादाच्या खांबांवर घेण्याचं धाडस तिच्यात झालं. पहिली गगनचुंबी ती की दुसरी कुठली, यावर विद्वान अजून भांडतात. १९३१मध्ये ती पाडूनही टाकली. तू म्हणशील, लिफ्ट आमची. मान्य. दोर तुटला तरी पाळणा खाली कोसळत नाही, हे एलिशा ओटिस यांनी १८५४मध्ये न्यूयॉर्कलाच लोकांसमोर करून दाखवलं होतं. तुमची लिफ्ट आणि आमचा सांगाडा, यांतलं एक काढून घेतलं तर दोन्ही गावं एवढी उंच गेली नसती.

आणि हो, ‘खडक जिथे वर आहे तिथेच मॅनहॅटनचे टॉवर आले’ हे जे तू प्रत्येक पाहुण्याला सांगतोस, ते आता बंद कर. जेसन बार नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं ते तपासून पाहिलंय. टॉवर गेले ते धंदा, गाड्या आणि माणसं जिथे गेली तिथे. खडक खोल लागला तर लोक खोल खणत. आम्हीही खणलं. पुढे तराफे सोडून माणसांनी हातानं विहिरी खणून, कडेला लाकडी फळ्या लावत, खाली घट्ट थरापर्यंत जाऊन त्यांत काँक्रीट ओतलं. विहीर खणणारा गडी आपल्याकडे पाण्यासाठी उतरतो, इथे टॉवरसाठी उतरला.

तुमच्या इमारतींचा आकार मात्र कायद्यानं कोरला, आणि ती गोष्ट मला मनापासून आवडते. १९१५मध्ये ब्रॉडवेवर इक्विटेबल इमारत आली. जेमतेम एकराचा प्लॉट आणि त्यावर त्याच्या तीसपट चटईक्षेत्र. एफएसआय तीस! आपल्याकडच्या बिल्डरांनी तिचा फोटो देव्हाऱ्यात ठेवावा. तिची सावली पडायला लागली तशी शेजाऱ्यांची बोंब उठली आणि १९१६चा कायदा झाला. ठरावीक उंचीनंतर मागे सरका, पुन्हा चढा, पुन्हा सरका. मात्र प्लॉटच्या पाव भागावर हवं तितकं उंच जा. त्या काळच्या न्यूयॉर्कच्या इमारती पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाऊन शेवटी सुईसारख्या होतात, त्यात वास्तुकारांच्या प्रतिभेइतकाच नगरपालिकेचाही हात आहे. सेंट्रल पार्कच्या दक्षिणेला तुमचे नवे काडीटॉवर आहेत, तीही कायद्याचीच करामत. शेजारच्या बुटक्या इमारतींची न वापरलेली उंची विकत घ्यायची आणि आपल्या डोक्यावर चढवायची. आपल्या टीडीआरचाच तो मावसभाऊ. ५७व्या रस्त्यावरचा एक टॉवर १,४२८ फूट उंच आणि रुंदी साठ फूट, म्हणजे चोविसास एक! वाऱ्यात डोलू नये म्हणून माथ्यावर ८०० टनांचं वजन टांगलंय. अभियंता म्हणून मी टोपी काढतो. पण बघायला म्हणशील, तर एवढा पैसा आणि एवढं पोलाद खर्चून शेवटी आकाशात एक पट्टी उभी केली आहे.

आता खरी मेख. ही दोन गावं एकमेकांची उणीदुणी काढतात, पण दोघांचे कारागीर एकच. तुमचं फ्लॅटआयर्न, ज्याचा चहाचा मग तू मला भेट दिलास, ते १९०२मध्ये आमच्या डॅनिएल बर्नहॅम यांनी बांधलं. पार्क अव्हेन्यूवरची सीग्रॅम मीस व्हान डेर रोह यांची. तेही शिकागोकरच. उलट आमच्या ट्रिब्यून टॉवरची स्पर्धा १९२२मध्ये जिंकली ती न्यूयॉर्कच्या दोघांनी, हाउएल्स आणि हूड यांनी. त्या टॉवरच्या भिंतीत जगभरच्या वास्तूंचे दगड बसवले आहेत, त्यांत ताजमहालाचाही एक तुकडा आहे. तो कुणी कसा आणला, हे विचारायचं कुणालाच सुचलेलं दिसत नाही.

आणि सिअर्स टॉवर? त्याचा सांगाडा ढाक्याच्या फझलुर रहमान खान यांचा. नऊ उदबत्त्यांची जुडी मुठीत धरावी आणि काही वर, काही खाली सरकवाव्यात, अशा नऊ चौकोनी नळ्या. पन्नासाव्या, सहासष्टाव्या, नव्वदाव्या मजल्यावर दोन-तीन थांबत जातात आणि दोनच एकशेदहापर्यंत पोचतात. मी इथे आलो तेव्हा खान जाऊन काही वर्षं झाली होती. पण ऑफिसातले म्हातारे त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणत.

आता तुझ्या फोटोकडे येतो. मी तो मोठा करून पाहिला. खालच्या कडेला कठडा आहे, मग पाणी, मग मॅनहॅटन. हडसनच्या जर्सीच्या काठावरून काढलेला. अरे, मॅनहॅटनची स्कायलाइन मॅनहॅटनमध्ये दिसतच नाही! पाचव्या अव्हेन्यूवर उभं राहून मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी दिसते ती एक इमारत, तीही अर्धी. अख्खी रेघ बघायला नदी ओलांडावी लागते, आणि तू तर त्यासाठी दुसऱ्या राज्यात उभा आहेस. दिवाळीच्या सुट्टीत मलबार हिलवरून आपण नरिमन पॉइंटचे दिवे पाहिले होते. मध्ये बॅक बे नसती तर काय दिसलं असतं?

शिकागोत ते अंतर शहराच्या आतच आहे, आणि ते आपोआप राहिलेलं नाही. १८३६च्या नकाशावर सरोवराकाठच्या पट्टीत कुणी कधी काही बांधू नये असं लिहून ठेवलं होतं. कागदावरचं कोण जुमानतं? तिथे घोड्यांचे तबेले, कचरा, आगीनंतरचा राडारोडा असं सगळं येऊन पडलं. टपालानं माल विकणारे व्यापारी मॉन्टगोमेरी वॉर्ड यांचं ऑफिस समोरच होतं. १८९०मध्ये ते कोर्टात गेले. एकवीस वर्षं भांडले, शहराशी भांडले, संग्रहालयवाल्यांशी भांडले. वर्तमानपत्रांनी त्यांना विकासाचा वैरी ठरवलं. १९११मध्ये अखेरचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि दोन वर्षांनी ते गेले. आज मिशिगन अव्हेन्यूच्या एका बाजूला इमारतींची अखंड भिंत आणि दुसऱ्या बाजूला बाग, मग पाणी. कोट घालून दहा मिनिटं सरोवराकडे चालत जायचं आणि मागे वळायचं, की सगळं गाव समोर. पूल नाही, बोट नाही, तिकीट नाही. उंच कुणी बांधलं हे सगळे मोजतात. समोर न बांधायला कुणी लावलं, याचा आकडा कुठल्याच परिषदेकडे नाही.

जागा मोकळी सोडायची हीच सवय मला इथे इतरत्रही दिसते. वास्तुकार जीन गँग यांच्या सेंट रेजिस टॉवरचा त्र्याऐंशीवा मजला रिकामा सोडलाय, वाऱ्याला आरपार जाता यावं म्हणून. तिथल्या चौरस फुटाचा भाव काढून पाहा आणि मग सांग, तो सोडणं सोपं होतं का? आणि आमचे बोळ! इमारतींच्या मागून जाणारे, सुमारे १,९०० मैलांचे. कचरा, ट्रक, विजेच्या तारा, उंदीर, सगळं तिकडे. तुमच्या १८११च्या नकाशात बोळ आखलेच नाहीत, म्हणून दीड-दोनशे कोटी डॉलरच्या टॉवरसमोर फुटपाथावर काळ्या पिशव्यांचा ढीग. आता डबे सक्तीचे करताहेत म्हणे, बरं झालं. पण वाड्याला परसदार नसेल तर दिंडी दरवाजा कितीही घडवा, खरकटं तिथूनच बाहेर पडणार.

तेव्हा पुढच्या महिन्यात ये. विमानानं नको, लेक शोअर लिमिटेडनं ये. पेन स्टेशनला दुपारी बसलास की दुसऱ्या दिवशी सकाळी इथे. वहिनींनाही आण, सौ. कधीपासून वाट बघते आहे. पहिल्या दिवशी टॉवर वगैरे काही दाखवणार नाही. ग्रेसलँड स्मशानभूमीत नेईन. बर्नहॅम, त्यांच्याच काळातले वास्तुकार सलिव्हन, मीस, खान, सगळे तिथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मीसचा दगड तर जमिनीला टेकलेला, काळा, सपाट. गवत वाढलं तर दिसणारही नाही. तिथून सरोवरावर जाऊ आणि मग तू तुझा कॅमेरा काढ.

तुझा
शिकागोकर

ता. क. आमच्या सिअर्सच्या वरचे अँटेना धरले तर उंची १,७२९ फूट होते. रामानुजनचा आकडा, म्हणून सांगतो. तरीही तुमच्यापेक्षा ४७ फूट कमीच.