चाकांवरचा गोलरक्षक

रोलर हॉकीचा गोलपोस्ट १७० सेंटिमीटर रुंद आणि १०५ सेंटिमीटर उंच असतो. मैदानी हॉकीचा गोलपोस्ट ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. दोन्ही खेळांच्या गोलरक्षकांमधला जवळजवळ सगळा फरक या मापांतच आहे. मैदानी हॉकीचा गोलरक्षक उभा राहतो, पुढे धावतो, आडवा झेपावतो. रोलर हॉकीचा गोलरक्षक बसतो. गोलपोस्ट इतका बुटका, की ताठ उभ्या माणसाचा कमरेवरचा भाग वाया जातो आणि पायांच्या मधली फट मात्र उघडी पडते.

चंद्रपूर किंवा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात एखादे मूल स्केटिंग शिकता शिकता या गोलपोस्टापुढे बसायचे ठरवते, तेव्हा घरातला पहिला प्रश्न सामानाचा असतो. पॅड कुठे मिळतात, हेल्मेट कोणते घ्यायचे, एकंदर खर्च किती? प्रश्न रास्त आहे, फक्त क्रम उलटा आहे. या सामानाचा इतिहास पाहिला तर काय उसने चालते आणि काय कधीच चालत नाही, हे बरेच स्पष्ट होते.

आधी खेळ थोडक्यात. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्टनने १८६३ मध्ये चार चाकांच्या, वळू शकणाऱ्या स्केटचे पेटंट घेतले. त्याआधीच्या स्केट्सवर सरळ जाता येई, वळणे ही मोठी कसरत होती. प्लिम्टनच्या रचनेत शरीर ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला चाकांच्या जोड्या वळतात. वळता येऊ लागले आणि मगच चाकांवर चेंडूचा खेळ शक्य झाला. आजच्या रोलर हॉकीत साधारण ४० बाय २० मीटरच्या गुळगुळीत जागेवर दोन संघ असतात, प्रत्येकात चार खेळाडू आणि एक गोलरक्षक. चेंडू १५५ ग्रॅमचा, २३ सेंटिमीटर परिघाचा, टणक. क्रिकेटचा चेंडू हातात धरलेल्या कुणालाही हे वजन नव्याने सांगावे लागणार नाही. एका रांगेतल्या चाकांच्या स्केट्सवर, चपट्या चकतीने खेळली जाणारी इनलाइन हॉकी वेगळी. तिचे गोलरक्षण बर्फावरच्या हॉकीच्या जवळचे आहे. भारतात रोलर स्केटिंग फेडरेशनच्या छत्राखाली दोन्ही प्रकार खेळले जातात, त्यामुळे सामान घेण्यापूर्वी आपल्या गावात यांपैकी कोणता प्रकार शिकवला जातो हे विचारून घ्यावे. नाही तर पहिलाच खर्च वाया.

रोलर हॉकीची पहिली जागतिक स्पर्धा १९३६ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे झाली आणि इंग्लंडने ती जिंकली. पुढे पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि अर्जेंटिना यांनी हा खेळ आपलासा केला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ म्हणून आला, अर्जेंटिना पहिला आणि यजमान स्पेन दुसरा. ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष सामारांच हे बार्सिलोनाचेच आणि तरुणपणी याच खेळात रमलेले. तरीही ऑलिंपिकचे दार पुन्हा उघडले नाही.

श्टुटगार्टची स्पर्धा झाली त्याच वर्षी त्याच देशात, बर्लिनमध्ये, गवतावरच्या हॉकीचा एक गोलरक्षक आपले तिसरे ऑलिंपिक सुवर्णपदक घेत होता. रिचर्ड अ‍ॅलन. त्याचा जन्म १९०२ चा, नागपूरचा. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती आणि आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून त्याच प्रांतातला चांदा जिल्हा होता. चांद्याचे चंद्रपूर १९६४ मध्ये झाले, गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा निघाला.

अ‍ॅलनची नोंद थक्क करणारी आहे. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध २४–१, त्यातला तो एक गोल अ‍ॅलन गोलपोस्टामागे चाहत्यांना सह्या देत असताना झाला अशी कथा सांगतात. कथा इतकी गोड आहे की ती तपासून पाहण्याची कुणाला फारशी इच्छा होत नाही. १९३६ च्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध ८–१. तीन ऑलिंपिकमध्ये मिळून त्याच्यावर झालेले गोल दोन. ध्यानचंदांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. नागपुरात जन्मलेल्या या गोलरक्षकाचे नाव विदर्भातही क्वचितच निघते. गोल करणारा लक्षात राहतो आणि न झालेला गोल कुणी मोजत नाही, ही या जागेची जुनी अडचण आहे.

वर्धा नदीच्या पलीकडच्या यवतमाळचा आकाश चिकटे हे अलीकडचे उदाहरण. २०१६ च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात श्रीजेश जखमी असल्यामुळे तो गोलपोस्टापुढे उभा राहिला आणि भारताने पाकिस्तानला ३–२ असे हरवले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये भुवनेश्वरला बेल्जियमविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना ३–३ वर थांबला आणि शूटआउटमध्ये त्याने भारताला तारले. म्हणजे या भागाला गोलरक्षणाची परंपरा नाही, असे म्हणता येत नाही. चाकांवरच्या गोलरक्षणाची मात्र ती नव्याने घडवावी लागेल.

आता सामानाकडे. १८९६ च्या फेब्रुवारीत स्टॅन्ली चषकाच्या लढतीसाठी विनिपेगचा गोलरक्षक व्हाइटी मेरिट बर्फावर उतरला, तो पायांना क्रिकेटचे पॅड बांधून. बर्फावरच्या हॉकीत पायांच्या संरक्षणाची गोष्ट बहुधा तिथूनच सांगितली जाते. १९२० च्या दशकात हॅमिल्टनचा कातडीकाम करणारा एमिल केनेस्की याने क्रिकेटचेच पॅड रुंद केले आणि त्यांत केसांबरोबर कपोक भरला. कपोक म्हणजे सावरीचा कापूस. या कापसाचा सख्खा नातलग चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात दरवर्षी पिकतो: फेब्रुवारी-मार्चमध्ये लालभडक फुललेली काटेसावर उन्हाळ्यात बोंडे फोडते आणि पांढरा मऊ कापूस वाऱ्यावर उडू लागतो. उशांमध्ये भरतात तोच. हलका, पाणी चटकन न शोषणारा आणि दाबला की पुन्हा फुगणारा. कॅनडातल्या गोलरक्षकांना तो समुद्रापलीकडून आणावा लागे. पुढे फोम आला आणि सावर पॅडमधून हद्दपार झाली.

चेहऱ्याची गोष्ट याहून उशिराची आणि अधिक रक्ताळलेली आहे. १९२७ मध्ये कॅनडाच्या क्वीन्स विद्यापीठाची एलिझाबेथ ग्रॅहॅम तलवारबाजीची जाळी चेहऱ्यावर चढवून गोलपोस्टापुढे उभी राहिली. पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यांत ही अक्कल रुळायला आणखी तीन दशके गेली. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये जाक प्लांतच्या चेहऱ्यावर चकती आदळली. टाके घालून घेतल्यावर, मुखवट्याशिवाय आपण परतणार नाही, असे त्याने प्रशिक्षकाला बजावले. प्रशिक्षक टो ब्लेक यांचा मुखवट्याला विरोध होता, त्याने नजर अडते असे त्यांचे म्हणणे. राखीव गोलरक्षक हाताशी नव्हता, म्हणून ते वाकले. मॉन्ट्रियलने तो सामना जिंकला आणि मुखवटा टिकला. तोवर उघड्या चेहऱ्याने चेंडूपुढे जाणे म्हणजे धैर्य असा समज होता. हा समज आपल्याकडच्या मैदानांवरून अजून पुरता गेलेला नाही, आणि त्याची किंमत दात, नाक, कधी डोळा देऊन चुकवावी लागते.

थोडक्यात, गोलरक्षकाच्या अंगावरची जवळजवळ प्रत्येक वस्तू मुळात दुसऱ्या कुणाकडून उसनी आणलेली आहे. त्यामुळे नवशिक्याने पायांसाठी क्रिकेटचे पॅड वापरले तर त्यात कमीपणा नाही. ते अरुंद असतात, खाली बसताना गुडघ्याशी अडखळतात, त्यांच्या गोलाईवरून चेंडू कुठेही उडतो, तरी टेनिसच्या चेंडूवर सराव करताना पहिले काही महिने भागते. गुडघे आणि कोपरांचे स्केटिंगचे पॅड तर आधीच घरात असतात. छातीसाठी मैदानी हॉकीचे जुने कवच मिळाले तर उत्तम. मैदानी हॉकीच्या गोलरक्षकाचे पायांत घालायचे जाड किकर मात्र स्केटवर निरुपयोगी, ते कुणी देऊ केले तरी घेऊ नयेत.

उसनवारी थांबते ती डोके, गळा आणि जांघ या तीन ठिकाणी. क्रिकेटच्या हेल्मेटची जाळी समोरून येणारा चेंडू अडवण्यासाठी बनलेली असते. रोलर हॉकीत गोलरक्षक जमिनीलगत असतो आणि त्याच्या चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर चार काठ्या चेंडू ओढत असतात. काठीचे टोक त्या फटीतून आत जाऊ शकते. डोक्याची मागची बाजूही झाकलेली हवी, कारण चाकांवर माणूस मागे पडतो आणि मागे गोलपोस्टाचा लोखंडी दांडा असतो. म्हणून पैसे जमवायचे तर पहिले पैसे गोलरक्षकाच्या पूर्ण हेल्मेटसाठी आणि गळ्याच्या पट्ट्यासाठी. जांघेचे कवच मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही. हे तिन्ही येईपर्यंत कडक चेंडू पिशवीबाहेर काढू नये. पॅड सुंदर आणि हेल्मेट फुटके, असे चित्र दिसले तर तिथला प्रशिक्षक बदलावा.

कौशल्याची सुरुवात बसण्यापासून होते. या भागातल्या मुलांना उकिडवे बसणे कुणी शिकवावे लागत नाही. मोहफुले वेचताना, तेंदूपत्त्याचे पुडे बांधताना, चुलीपुढे, अंगणात घरातली माणसे तासन्‌तास तशीच बसलेली असतात. रोलर हॉकीच्या गोलरक्षकाची बैठक जवळजवळ तीच आहे. युरोपातल्या क्लबमध्ये घोटे आणि कंबर सैल करण्यासाठी मुलांकडून जे व्यायाम घ्यावे लागतात, ते इथे रोजच्या बसण्यातूनच झालेले असतात. फरक एकच, पण तो महत्त्वाचा. उकिडवे बसताना भार टाचांवर असतो. चाकांवर भार टाचांवर गेला की स्केट पुढे निसटते आणि माणूस पाठीवर. गोलरक्षकाने भार चवड्यांवर आणायचा, स्केटच्या पुढच्या टोकाचे रबरी ब्रेक फरशीला टेकवायचे आणि पाठ किंचित पुढे झुकवायची. हा बदल ऐकायला सोपा आहे. तो अंगात मुरायला आठवडे लागतात.

त्या बैठकीत काठी जमिनीला आडवी टेकलेली, दोन्ही पॅडमधली फट झाकणारी, आणि रिकामा हात बाजूला उघडा, तळवा चेंडूकडे. सरकायचे ते एका पायाच्या ब्रेकने फरशी मागे रेटून, उठून नव्हे. नियमही गोलरक्षकाच्या बाजूने आहेत. आपल्या क्षेत्रात तो गुडघे टेकू शकतो, बसू शकतो, लोळूही शकतो, आणि शरीराच्या कोणत्याही भागाने चेंडू अडवू शकतो. पेनल्टी ५.४० मीटरवरून येते. तेवढ्या अंतरावरचा फटका पाहून मग हलायचे ठरवले तर उशीर झालेला असतो, म्हणून जागा आधीच बरोबर असावी लागते. गोलरेषेला चिकटून बसलेला गोलरक्षक दोन्ही बाजूंना मोकळी जागा देतो. पाऊलभर पुढे सरकला की तीच जागा त्याच्या अंगामागे झाकली जाते. हे समजावण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे दोन्ही खांबांना दोरी बांधून ती चेंडूपर्यंत ताणणे आणि त्या त्रिकोणात मुलाला पुढे-मागे बसवणे. दहा मिनिटांत डोळ्यांना पटते.

क्रम असा ठेवावा: आधी स्केटशिवाय बैठक आणि भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून हाताने झेलणे, मग स्केटवर चेंडूशिवाय सरकणे, पडणे आणि हात न टेकता उठणे, मग स्केटवर टेनिसचा चेंडू. पडायला न शिकलेला गोलरक्षक पडण्याच्या भीतीने ताठ उभा राहतो, आणि ताठ गोलरक्षकाच्या पायांमधून काय जाते ते सुरुवातीलाच सांगून झाले आहे.

जागेचा प्रश्न उरतो. लाकडी फरशीचा रिंक नसेल तिथे शाळेचे सिमेंटचे अंगण किंवा बास्केटबॉलचे मैदान चालते. खडबडीत डांबरावर गोलरक्षकाने बसू नये, गुडघे आणि पॅड दोन्ही फाटतात. चंद्रपूरचा मे महिना सर्वांच्या परिचयाचा आहे. फोम आणि हेल्मेट चढवून त्या उन्हात तासभर बसवणे हा सराव नव्हे. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला सुरू करून सातला संपवावे. खाणींच्या बाजूला कोळशाची बारीक धूळ चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरते आणि पावसाळ्यात तीच बेअरिंग गंजते, तेव्हा दर रविवारी चाके काढून फडक्याने पुसणे आणि तेलाचा एकेक थेंब देणे हे गोलरक्षकाने स्वतः करावे, आईवडिलांनी नाही. घामाने भिजलेले पॅड पिशवीत तसेच राहिले तर पावसाळ्याच्या चार दिवसांत बुरशी धरतात. घरी आल्यावर ते उलटे करून दोरीवर टाकावेत, सावलीत, हेल्मेटचे आतले अस्तर बाहेर काढून त्यांच्या शेजारी.