हरळीवरचं दव

चाकणकडच्या शेतात हरळी माजली की उपटता उपटता माणूस थकतो. एक कांडी मातीत राहिली तरी ती पुन्हा उभी राहते. चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात वाहिली जाणारी दूर्वा तीच. गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, मी जिची राखण करतो, तीही त्याच कुळातली. पण तिथं तिला तान्ह्या बाळासारखं जपावं लागतं.

कारण आम्ही तिला रोज कापतो, तेही तीन-चार मिलिमीटरवर. एवढ्याशा पानावर ती अन्न किती तयार करणार? मुळं उथळच राहतात. त्यात टिफड्वार्फसारखी संकरित जात बी धरत नाही. १९६५मध्ये अमेरिकेतल्या टिफ्टनहून आलेली ही जात कांड्या लावूनच वाढवतात, म्हणजे अख्खं ग्रीन हा एकाच रोपाचा विस्तार. बुरशीला एक पान मानवलं की सगळीच मानवतात.

दिवाळीच्या सुमाराला दुपारी ऊन असतं, रात्री गारठा आणि पहाटे दव. उजाडायच्या आत ग्रीनवर वाकून पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. ऊन चढलं की धागे विरतात, आणि मागे राहतात नाण्याएवढे वाळके ठिपके. हा डॉलर स्पॉट. पावसाळ्यातला पिथियम याहून भयंकर. शास्त्राच्या हिशेबी ती खरी बुरशी नाही, पण दमट, उबदार रात्रीत गवत तेलकट काळं पडतं आणि पाणी वाहील त्या दिशेनं रोग धावतो.

एका मैदानावर मला बोलावलं तेव्हा डॉलर स्पॉटवर एकच बुरशीनाशक वारंवार मारून झालं होतं. आधी लागू पडलेलं औषध आता पडत नव्हतं. रात्री आठला स्प्रिंकलर सुरू व्हायचे आणि पानं सकाळपर्यंत ओली राहायची. मी पाण्याची वेळ पहाटेवर आणली. माळ्यांनी लांब, लवचिक बांबू फिरवून रोज दव झाडलं. गवत उपाशी होतं, म्हणून थोडं थोडं नत्र दिलं; हा रोग भुकेल्या गवतावर जास्त फोफावतो. पिथियम असता तर मी नत्राला हातही लावला नसता. कडेच्या झाडांच्या फांद्या छाटल्या, वारा खेळू लागला. औषध बदलून एकदाच मारलं. नवे ठिपके थांबले.

बुरशीशी लढण्यात आपल्या पिंपरीचं नाव मोठं आहे, हे इथल्याच लोकांना ठाऊक नसतं याची मला खंत वाटते. १९५४मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ते देणाऱ्या मातीतल्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुढे १९६०च्या दशकात तिथंच पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन तयार झालं.

बुरशीचे वैरी असे मातीतच राहतात. सरसकट फवारणीत त्यांतलेही काही मरतात. ते पुन्हा वाढावेत म्हणून ग्रीनवर वाळूचा पातळ थर देताना मी तिच्यात पूर्ण कुजलेलं, बारीक चाळलेलं कंपोस्ट मिसळतो.