रातकिड्यांचा स्वयंपाक

रविवारी सकाळी न्यू जर्सीतल्या आमच्या घरात पहिली भाजी चिरली जाते ती रातकिड्यांसाठी. रताळ्याच्या चकत्या, गाजराचा कीस, मोहरीचा पाला, कधी संत्र्याची फोड. अंड्यांचे रिकामे पुठ्ठे उभे करून ठेवलेल्या डब्यात हे सोडलं की आत पायांची खसखस सुरू होते. घरात सगळे शाकाहारी, तात्या सोडून.

तात्या म्हणजे व्हेल्ड शॅमेलिऑन, आपल्याकडच्या सरडगुहिऱ्याचा येमेनी भाऊबंद. डोक्यावर उंच तुरा, दोन डोळे दोन दिशांना. (सरडगुहिरा भारतात पाळता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे. बरंच आहे ते.)

तात्याच्या आधी एक होता. दुकानदार म्हणाला होता, रोज रातकिडे घाला, बाकी काही लागत नाही. मी घातले. काही महिन्यांत त्याची फांदीवरची पकड सुटू लागली, पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले, जीभ भक्ष्यापर्यंत पोचेना. डॉक्टरांनी त्याचा जबडा बोटानं हलकेच दाबून दाखवला. रबरासारखा लवला. रातकिड्यात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असतो. सरड्याला हवं असतं नेमकं उलट. बाहेरून कॅल्शियम मिळेना, तेव्हा शरीरानं ते हाडांतूनच उपसलं होतं. त्यात अतिनील किरणांचा दिवाही मी वेळेवर बदललेला नव्हता. तो गेला, आणि दोष दुकानदाराला देऊन मला झोप लागेना.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. नैसर्गिक खाणं हवं ना, मग अंगणातलेच किडे पकडू! पण इथल्या हिरवळींवर काय काय फवारलेलं असतं ते विचारू नका. त्यात एका जूनच्या संध्याकाळी मुलगी मुठीत काजवा घेऊन आली, तात्यासाठी. मी ओरडलोच. इथल्या काजव्यांच्या अंगात भेकाच्या विषासारखं, हृदयावर घाला घालणारं विष असतं. सरड्याला एखादाच काजवाही पुरू शकतो. येमेनच्या डोंगरातल्या जिवाला हे कुठून ठाऊक असणार? हललं की खाल्लं, एवढंच तो जाणतो. अंगणातला निसर्ग होता खरा, पण तात्याचा नव्हता.

अडलेलं कोडं आईनं सोडवलं. ती साताऱ्याहून तीन महिने राहायला आली होती. डब्यात डोकावून म्हणाली, “गाईला जे घालशील ते दुधात उतरतं. या किड्यांना काय घालतोस?” मी त्यांना कोरडा कोंडा घालत होतो.

तेव्हापासून रातकिडे तात्यापुढे जाण्याआधी दिवसभर चांगलंचुंगलं जेवतात. दुसऱ्याच दिवशी आईनं त्यांना मायेनं पालक घातला. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून मी तो काढला. “आयुष्यभर तुला पालक खा म्हणून ओरडले,” ती म्हणाली, “आता किड्यांनासुद्धा नको?”

जेवलेले किडे कपात घेऊन कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचे. पिठीसाखरेतून काढल्यासारखा पांढराफटक रातकिडा फांदीवर चढतो, तात्याचे दोन्ही डोळे एका जागी येतात, आणि अंगाहून लांब जीभ सुटून परत आलेली असते. दिसतो तो फक्त हललेला जबडा. डी३ आणि जीवनसत्त्वांची पूड महिन्यातून दोनदाच, ती अंगात साठते. आलटूनपालटून रेशीमकिडे, सोल्जर माशीच्या अळ्या. या अळ्यांत कॅल्शियम मूळचंच भरपूर. मेणकिडे म्हणजे पेढे, सणावारी. पोसलेल्या तात्याला दिवसाआड पाच किडे पुरतात, मग त्यानं काचेला कितीही नाक लावलं तरी. वाटीतल्या पाण्याकडे तो ढुंकून बघत नाही. पानांवर फवारलं की थेंब टिपतो. पानंही खातो. खिडकीतली जास्वंद त्यामुळे वाटून गेलीय: फुलं गणपतीला, पानं तात्याला.

आई आता साताऱ्याला परतलीय. फोनवर आधी नातीची चौकशी करते, मग विचारते, “रातकिडे जेवले का रे?” तात्याचं नावही काढत नाही.