पाणी जिथून येतं

मँचेस्टरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी उत्तरेकडच्या डोंगराळ तलावांच्या मुलखातून येतं. त्यातल्या थर्लमिअर तलावाचं पाणी ऑक्टोबर १८९४ मध्ये शहरात पोचलं. ९६ मैलांचा जलमार्ग, आणि पाणी सगळं नुसत्या उतारानं येतं. नर्स म्हणून इथं नोकरीला आले, तेव्हा शहराची ओळख व्हावी म्हणून वाचनालयात बसून जे मिळेल ते वाचत होते. त्यात हे सापडलं आणि तिथंच थांबले. मुंबईला पाणी देणारं, माझ्या शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ चं, म्हणजे जेमतेम दोन वर्षं आधीचं. एकाच राजवटीतली ही दोन कापडाची शहरं. दोन्हींची तहान एकाच काळात वाढली आणि दोन्हींनी ती दूरच्या डोंगरांवर भागवली.

त्याच्याही आधीचा एक धागा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. युद्धाच्या अखेरच्या वर्षात, १८६५ मध्ये, कसाऱ्याचा थळ घाट रेल्वेला खुला झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या गाठी आटगाव-आसनगाववरून बंदराकडे जाऊ लागल्या. आमच्या शेतांच्या कडेनं गेलेला माल या शहरात विकला गेला. मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये आज नाट्यगृह आहे. १९६८ साली कापसाचे व्यवहार बंद झाले, त्या शेवटच्या दिवसाचे भाव तिथल्या फलकावर अजून तसेच ठेवले आहेत. सुट्टीच्या दिवशी मी त्या फलकाखाली बसते. परक्या शहरात आपण अगदीच उपरे नाही, असं तिथं मनापासून वाटतं.

पण ज्या गोष्टीनं मला लिहायला बसवलं ती हॉझवॉटर तलावाची. मँचेस्टरला आणखी पाणी हवं म्हणून १९१९ मध्ये कायदा झाला, १९२९ मध्ये धरणाचं काम सुरू झालं आणि मार्डेल ग्रीन हे गाव बुडालं. पाणी भरण्याआधी चर्च पाडलं, त्याच्या आवारात पुरलेल्या ९७ जणांचे अवशेष उकरून शॅप या गावी नेले आणि तिथं पुन्हा पुरले. कडक उन्हाळ्यात तलाव आटला की गावाच्या दगडी भिंती वर येतात आणि त्या बघायला दुरून माणसं जातात. त्याच भागात जन्मलेल्या सेरा हॉल या लेखिकेनं या गावावर ‘हॉझवॉटर’ नावाची पहिली कादंबरी लिहिली. ती २००२ मध्ये आली, तेव्हा लेखिका अजून तिशीत पोचलेली नव्हती. ती वाचून संपवली त्या रात्री मी ठरवलं, आमच्या भातसा धरणाच्या काठच्या वाडीवरची अशी कादंबरी मला मराठीत वाचायची आहे, तर ती आपणच लिहायला घ्यावी.

आमच्याकडचं पाणी वाचकांना माहीत आहे. तानसा, मोडकसागर, भातसा. एकट्या भातसेतून मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा जातो. आणि त्याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात वाड्या-पाड्यांवर टँकर येतो. मार्डेलची माणसं गाव सोडून गेली. आमची बरीचशी माणसं धरणाच्या आसपासच राहिली, आणि तहानलेली राहिली. भातसा प्रकल्पग्रस्तांचा पुनर्वसनाचा झगडा दशकानुदशकं चालला. शेजारच्या मुरबाडमध्ये काळू धरणाचं काम जंगलखात्याच्या परवानगीवाचून सुरू झालं होतं. गावकरी आणि संघटना न्यायालयात गेल्या आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते थांबवलं. हे सगळं बातम्यांत येऊन गेलं आहे. बातमीत न आलेलं खूप आहे. टँकर आला की पहिला हंडा कुणाचा लागतो, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरणारी पोर वर कशी येते, सासरी आलेल्या नव्या सुनेला पाण्याची पाळी कोण समजावतं, हे कादंबरीनं सांगायचं.

माझा दिवस वॉर्डात जातो. हिवाळ्यात सकाळी अंधारात निघायचं आणि अंधारातच परतायचं. बारा तासांच्या पाळीत म्हाताऱ्या माणसांची औषधं, पथ्यं, कूस बदलणं, नातेवाइकांचे फोन. लिहिणं होतं ते पाळी नसलेल्या दिवशी, आणि ट्राममध्ये. पिवळ्या ट्रामच्या खिडकीशी बसून वहीत एखादं वाक्य लिहावं आणि स्टॉप येईपर्यंत ते फिरवत राहावं, एवढं जमतं. याची मला खंत नाही. मराठीत लिहिणारी तरुण माणसं बहुतेक अशीच लिहितात. तुळजापूरचे देविदास सौदागर शिवणकाम आणि रखवालदारी करत लिहीत राहिले. त्यांच्या ‘उसवण’ला २०२४ मध्ये साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. जत तालुक्यातल्या नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ला तोच पुरस्कार २०१८ मध्ये मिळाला होता, आणि तरी टाळेबंदीच्या काळात त्यांना शेतमजुरीला जावं लागलं. ही नावं मी पाळीला जाताना आठवते. वेळ मिळाला की लिहू, असं म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही, हे त्यांनी स्वतःच्या कामानं दाखवून दिलं आहे.

परदेशात बसून गावावर लिहिताना सगळ्यात मोठा धोका आठवणीचा असतो. आठवण चिखल, डास, कर्ज वगळते आणि पहिल्या पावसाचा वास ठेवते. म्हणून मी सुरुवातीपासून एक शिस्त पाळली: जे लिहायचं ते गावातल्या माणसाला विचारून घ्यायचं. माझे बाबा आसनगाव स्टेशन ते किन्हवली जीप चालवायचे. लोकल सुटली की उतरलेली सगळी गर्दी जीपमध्ये बसायची, आणि कुणाच्या घरी काय चाललंय हे बाबांना आधी कळायचं. मी रविवारी फोन करायची. ‘जेवलीस का’ झालं की प्रश्न सुरू.

“बाबा, भाताच्या राबाचे थर कसे लावायचे?”

“आधी शेण, त्यावर टहाळ, त्यावर पातेरा नि गवत, वरून बारीक माती. वारा पडला की मग आग लावायची, तीही वाऱ्याच्या उलट्या अंगानं. सरळ लावलीस तर भडकून जाईल, जमीन भाजणार नाय.”

“आणि शेवळं?”

“आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाय, नायतर घसा खाजतो. आणि काकडं घातल्याबिगर शेवळं करूच नये. हे तुझ्या आजीला विचारायला हवं होतं.”

आजी त्याआधीच गेली होती. ती धवलारीण होती. आमच्या भागात लग्नाची हळद, मांडव, तेलवण ही सगळी कामं धवळ्यांच्या गाण्यांवर चालतात, आणि धवलारीण आल्याशिवाय लग्न लागलं असं कुणाला वाटत नाही. आजी गायला बसली की सगळ्यांत आधी गावदेवी यायची, मग डोंगर, मग नदी, मग दोन्ही घरची माणसं, हयात आणि गेलेली, एकामागून एक. तिला अक्षर येत नव्हतं. ती गेली तेव्हा मी मुंबईला नर्सिंग शिकत होते. तिच्याबरोबर गाणारी मुरबाडकडची एक मावशी आहे. तिच्याकडून मी आता धवळे उतरवून घेते आहे. मावशी फोनवर गात नाही. ती म्हणते, समोर नवरी नसताना धवळा म्हणत नाहीत. म्हणून माझी चुलतबहीण लग्नसराईत तिच्यासोबत जाते, जवळ बसून आवाज टिपते आणि रात्री मला पाठवते. पार्श्वभूमीला वाजंत्री, भांडी, रडणारं पोर असतं. मी तेही लिहून ठेवते.

बाबा श्रावणात गेले. माझी राहण्याच्या परवान्याची कागदपत्रं तेव्हा नूतनीकरणाला गेलेली होती आणि निघता आलं नाही. नदीवरचा दहावा मी फोनच्या पडद्यावर पाहिला. इथं सकाळ होती आणि पाळी दुपारची होती. पिंडाला कावळा शिवला तेव्हा आई रडली नाही, तिनं फोन धरलेल्या माझ्या भावाला सांगितलं, “तिला सांग, आता कामावर जा.” मी गेले. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझा चेहरा बघून हात धरला. त्या तरुणपणी कापडगिरणीत होत्या. त्यांनी विचारलं, कोण गेलं? मी सांगितलं. मग त्यांनी बाबांचं नाव विचारलं, आणि ते नीट उच्चारता येईपर्यंत म्हणत राहिल्या. सांत्वनाला आणखी काही लागतं असं मला वाटत नाही.

पुढे कितीतरी आठवडे कादंबरी अडून राहिली. लोकांना वाटलं दुःखामुळे. दुःख होतंच, पण अडचण वेगळी होती. धरणाच्या कामावर बाहेरगावचे मजूर आले तेव्हा त्यांची वस्ती कुठे पडली, पाणी चढू लागल्यावर गुरं कोणत्या वाटेनं हलवली, हे बाबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं होतं आणि ते पुढच्या रविवारी सांगणार होते. माणूस गेलं की त्याच्याबरोबर काय जातं, हे मला तेव्हा कळलं. माया राहते, फोटो राहतात. वाट कुठून होती ते जातं.

ती वाट मी पुन्हा शोधली. सरळगावच्या नाक्यावर बाबांचे जुने सोबती बसतात. भाऊ त्यांच्याकडे जातो, माझे प्रश्न वाचून दाखवतो. दोघांची उत्तरं जुळत नाहीत तेव्हा मी दोन्ही लिहून ठेवते. आई सुरुवातीला म्हणायची, यात काय लिहिण्यासारखं आहे? आता तीच फोन करून आधीच सांगते, “म्हशाच्या जत्रेचं विचारलंस ना? घोंगडी घेताना लोकर पाण्यात बुडवून बघायची, हे तुला कुणी सांगितलं नसेल.” पौषातल्या पुनवेची म्हशाची जत्रा मी लहानपणी बैलबाजारासाठी पाहिली होती. घोंगडीची पारख मला इथं, मँचेस्टरमध्ये, आईकडून कळली.

ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांवर मराठीत जे लिहिलं गेलं, त्यात गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ माझ्यासाठी सर्वांत मोठं. त्याला १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गोदावरीबाई शहरातून आल्या होत्या. पण त्या वारल्यांच्या पाड्यांवर गेल्या, त्यांच्या लढ्यात उतरल्या, त्यांचं ऐकून घेतलं, आणि मग लिहिलं. आम्ही तर त्या मुलखातच जन्मलो आहोत, आणि आम्हीच आज दूर राहतो. आमच्यावर त्यांच्याइतकंच ऐकायची जबाबदारी आहे. जन्मानं आम्हाला त्यातून सूट मिळत नाही. गाव आपल्या रक्तात आहे, असं म्हणून लिहिलेलं पान आणि नाक्यावरच्या म्हाताऱ्याला चार वेळा विचारून लिहिलेलं पान, यांतला फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो. गावातल्या वाचणाऱ्याला तर पहिल्या ओळीत कळतो.

इंग्रजीत लिही, असं मला इथले स्नेही मनापासून सुचवतात. मँचेस्टरला २०१७ मध्ये युनेस्कोनं साहित्यनगरीचा मान दिला. लिहिणाऱ्यांना इथं वाव आहे, कार्यशाळा आहेत, वाचनाचे कार्यक्रम आहेत. त्यांचा सल्ला चांगला आहे. पण माझ्या कादंबरीतली माणसं जिवंत आहेत, आणि आपल्याविषयी काय लिहिलंय हे ऐकायचा हक्क त्यांना आहे. त्यांना ऐकता यावं म्हणून मी मराठीत लिहिते, आणि संवाद आमच्याकडच्या बोलीत.

परदेशात राहणाऱ्या आणि आई-वडील गावाकडे असणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. लेखक असा वा नसा, पुढच्या फोनवर प्रकृती विचारून झाली की एक काम विचारा: भाताच्या आवणीला माणसं कशी बोलवायचे, विहीर कुणी खणली, पहिली एसटी कधी आली. त्यांना बोलायला आवडतं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो. उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहून ठेवा.

माझी रजा मंजूर झाली आहे. आवणी आटोपली की मी किन्हवलीला जाणार आणि प्रकाशकाकडे पाठवण्याआधी कादंबरीची पानं वाडीतल्या बायकांना वाचून दाखवणार. त्या जिथं ‘असं नव्हतं’ म्हणतील, तिथं मी बदल करणार आहे.