तीन बोटं

काकांना घेऊन जोगेश्वरीहून लोकलने प्रभादेवी, तिथून चालत परळचं टाटा रुग्णालय. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी तोंडात घाला. दोनच गेली. सुपारी-तंबाखूची वीस वर्षं. गालाच्या आतला व्रण दोन महिने भरत नव्हता आणि आम्ही 'तोंड आलंय' म्हणत बसलो, हे मला फार लागलंय.

तुकडा तपासला, कॅन्सरच. गाठ लहान आहे, तरी मानेतल्या ग्रंथीही काढणार. मान तर साफ दिसते, मग कशाला? तेव्हा इथेच असलेल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने २०१५ साली दाखवलं : ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५.

परतीच्या गाडीत काकांनी खिशातली पुडी माझ्या हातात ठेवली.