चांदण्यात न फुलणारी

कोजागरीच्या रात्री साडेबाराला मी गच्चीत बॅटरी घेऊन टपावर ओणवा झालो होतो. चंद्र दिसताच कुमुदिनी उमलते, हे शाळेत संस्कृतच्या बाईंनी डोक्यात पक्कं बसवलेलं. टपात नुसती पानं आणि पाण्याबरोबरीला आलेल्या मिटल्या कळ्या. मागून दुधाचा पेला घेऊन आई आली. ‘‘झोपू दे रे तिला,’’ म्हणाली.

सकाळी आठला पाहतो तर टपभर फुलं!

काव्यातली कुमुदिनी ती रात्री उमलणारी, मोठी, कमळाच्या तोंडवळ्याची. कासच्या पठारावर जिच्या नावाचं तळं आहे ती ही दुसरीच. शास्त्रीय नाव निम्फॉइडस इंडिका. नावं देण्यात आपण फार ढिले. हिचं फूल नाण्याएवढं. पाचेक पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर कापूस पिंजल्यासारखी लव आणि मधोमध हळदीचं बोट टेकवल्यासारखा पिवळा डाग. दुपार झाली की मिटते, ती कायमची. उद्या त्याच झुबक्यातली दुसरी कळी वर येते.

कासहून रोप आणायचा मोह मला झाला नाही, असं नाही. पण पश्चिम घाटातली जी स्थळं २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत कास आहे. शिवाय ही काही तिथलीच नव्हे, गावोगावच्या तळ्यांत असते. माझी आली कुडाळजवळच्या मामाच्या गावाहून, ओल्या फडक्यात, एसटीने. आणलं होतं एकच पान, खाली वीतभर देठ असलेलं. फुलांचा झुबका जिथून निघतो, त्या पानाखालच्या पेरालाच मुळं फुटतात. बादलीत तरंगत ठेवलं तर काही दिवसांत पांढरे धागे लोंबू लागले.

मग मी अतिलाड केले. टपात ताजं शेण घातलं. आठवड्यात पाण्याचं पालक-सूप झालं आणि मजल्यावर वास सुटला. सगळं उपसून तळाला नुसती काळी माती घातली, वर बोटभर जाड वाळू आणि मग हातभर पाणी. ऊन मात्र भरपूर हवं. सावलीत पानंच माजतात. डासांवरून सोसायटीत कुजबुज सुरू झाली तेव्हा गप्पी मासे सोडले. टपापुरतं ते ठीक; तळ्यात ते सोडू नयेत, तिथल्या माशांची पोरं खातात. दरवर्षी निम्मा गुंता उपसून काढायचा, एवढंच काय ते काम. जिथे पावसाळी डबकी आटतात तिथे तिचं खोड चिखलात दडून राहतं. माझ्या टपात बिचारीला सुट्टी नाही.

एवढी फुलं, पण तीन वर्षांत बी म्हणून एक नाही. भिंगातून पाहिल्यावर उलगडलं. हिच्यात दोन जातीची फुलं असतात : काहींत मधली कुक्षी उंच आणि पुंकेसर आखूड, काहींत नेमकं उलट. एका जातीचा पराग दुसरीवर पडला तरच बी नीट धरतं. माझा सगळा टप एका पानाचा, म्हणजे एकाच जातीचा. मधमाश्या रोज यायच्या, त्यांचे कष्ट फुकट.

मामाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘आमच्या तळ्यात सगळी तुझ्यासारखीच.’’ मग आतेभावाला गाठलं. तो भंडाऱ्याकडे असतो, मामा तलावांच्या मुलखात. (माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा, आमच्या मामाचा त्यात काही संबंध नाही.) त्या भागात ढिवर समाजाच्या बायकांनी तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तसे मासेही परतू लागले. आतेभावाने उंच कुक्षीची, आखूड कुक्षीची असं काही न पाहता, ‘सुंदर दिसलं’ म्हणून एक पान पाठवून दिलंय.

ते आता निळ्या बादलीत तरंगतंय. मुळं फुटलीत. कळी पाण्याखाली आहे, तांदळाएवढी. भिंग मी बादलीशेजारी पुसून ठेवलंय. आई रोज विचारते, ‘‘सून कधी दाखवतोस?’’