अठरा तासांची गोष्ट आपण अर्धीच सांगतो

१४ एप्रिल जवळ आला की आमच्या तेल्हाऱ्यात आणि वऱ्हाडातल्या कितीतरी विहारांत 'सलग अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. पोरं-पोरी सकाळी सहाला पुस्तकं घेऊन बसतात ते रात्री बारालाच उठतात. बाबासाहेबांना अभिवादन करायची ही रीत आम्हाला आजही मनापासून आवडते. पण या उपक्रमात भाषण करताना आम्ही वर्षानुवर्षं एक वाक्य म्हणत आलो: "बाबासाहेब अठरा तास बसायचे, तुम्हाला अठरा मिनिटं बसवत नाही?" टाळ्या पडायच्या. त्या आमच्याच्यानं अठरा मिनिटं एका कागदावर लक्ष ठरत नव्हतं, हे समोर कुणाला ठाऊक नव्हतं.

आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केलं, वयाची पस्तिशी गाठली, दहा वर्षांपासून चळवळीचं आणि सामाजिक संस्थेचं काम करतो. लोकांचे अर्ज, दाखले, शिष्यवृत्ती, निराधार योजना ही आमची रोजची कामं. तीन वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातल्या एका मुलीची स्वाधार योजनेची फाईल तिच्या आईनं विश्वासानं आमच्या हाती दिली. मुलीला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. खोलीभाडं आणि मेस त्या पैशांवरच भागणार होती. फाईल आमच्या पिशवीत राहिली. रोज आठवायची, रोज 'उद्या नक्की' म्हणायचो. मुदत संपल्यावर चार दिवसांनी पिशवी रिकामी करताना ती हाती लागली. मुलीची आई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमीच विसरले तं आमी कोनाकडे पाहावं?"

मित्रहो, मनुवादी व्यवस्थेनं आपली फाईल अडवली की आपण मोर्चा काढतो. इथं ती आम्हीच अडवली होती. मोर्चा कुणावर काढायचा?

त्या रात्री आम्ही स्वतःला नेहमीच्याच शिव्या दिल्या. आळशी, बेजबाबदार, नालायक. आमच्या सहचारिणी आशा सेविका आहेत. त्या म्हणाल्या, "आळशी मानसाले काम राह्यल्याचं दुःख नसते. तुमाले तं झोप लागत नाही. हे काहीतरी अलग आहे." त्यांनीच १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन लावून दिला. ही केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. तिथून आम्ही अकोल्याच्या मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचलो. त्यांनी शाळेच्या गुणपत्रिका मागितल्या आणि आईला सोबत आणायला सांगितलं. आई म्हणाली, "याले दुकानात गूळ आनाले धाडलं, तं हा रस्त्यात गोट्या खेयत बसे. गूळ बी नाही अन् पैसे बी नाही." डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. दोन-तीन भेटींनंतर निदान झालं: एडीएचडी. तेव्हा आम्ही तेहतीस वर्षांचे होतो.

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. लक्ष टिकवणं, काम सुरू करणं, वेळेचा अंदाज घेणं, आवेग आवरणं, या मेंदूच्या व्यवस्थापनाच्या कामांत जन्मापासूनच असलेली अडचण. हा फक्त उड्या मारणाऱ्या लहान पोरांचा आजार असं बरीच वर्षं मानलं जाई. आता प्रौढांतही शंभरात साधारण अडीच ते तीन जणांना तो असतो, असा जगभरातल्या अभ्यासांचा अंदाज आहे. मोठेपणी धावपळ दिसत नाही, ती डोक्यात चालते. लक्षणं मात्र बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, म्हणून तर डॉक्टरांनी आईला बोलावलं. मोबाईलनं लक्ष उडतं त्या प्रत्येकाला एडीएचडी नसतो. झोप कमी, नैराश्य, थायरॉईड, घरातली ओढाताण यांनीही असंच होतं. म्हणून निदान डॉक्टरकडूनच करावं, व्हिडिओ पाहून नाही.

मग आम्ही एम. ए. कसं झालो? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला. उत्तर अमरावतीच्या वसतिगृहात सापडलं. तिथं जेवणाची वेळ ठरलेली होती. खोलीत चौघं, चौघंही अभ्यासाला बसले की आम्हालाही बसावं लागायचं. परीक्षेचा फॉर्म एकानं भरला की चौघांचा भरला जायचा. आम्ही समजत होतो की शिस्त आमची आहे. ती होती त्या खोलीची. वसतिगृह सुटलं आणि सारं ढासळलं. नेटची तयारी अर्धवट राहिली. लग्न झालं, नोकरी लागली, लेक झाली, वडील गेले. दर बदलाला आमचा एकेक टेकू निघत गेला आणि दर वेळी लोक म्हणाले, "चांगला हुशार पोरगा होता, काय झालं याले?"

इथं जातीचा प्रश्न येतो. वरच्या जातीचा मुलगा विसरभोळा असला तर तो 'प्रोफेसर टाईप' ठरतो. आपला मुलगा तसाच असला तर 'कोट्यातला आहे ना' असं ऐकावं लागतं. त्याच्या घरी आठवण देणारा सेक्रेटरी नसला तरी पैसे असतात, शिकवणी असते, ओळखीचा डॉक्टर असतो. आपल्या घरी आई निंदणाला गेलेली असते. म्हणजे एकच मेंदू दोन जातींत दोन वेगळी प्रमाणपत्रं मिळवतो. याहून वाईट म्हणजे आपल्या चळवळीनंही तीच भाषा उचलली. आम्ही स्वतः व्यासपीठावरून तेच बोलत होतो.

औषधानं आम्हाला फरक पडला. ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. पण गोळी लक्ष थोडं स्थिर करते, फाईल जिल्ह्याला नेऊन देत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांच्या मांडणीचा गाभा असा, की या माणसांना काय करायचं ते कळतं, कळलेलं वेळेवर करणं जमत नाही. म्हणून उपदेश वाया जातो. मदत जिथं काम अडतं त्या जागी आणि त्या वेळी लागते. एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९४ सालच्या पुस्तकात अशा प्रौढांसाठी 'कोच' ही कल्पना मांडली. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की अकोल्यातले नीट-जेईईचे क्लास आठवतात. हे कोचिंग वेगळं. यात शिकवणं नसतं. एक माणूस ठरावीक वेळी भेटतो, विचारतो, लहान पाऊल ठरवून देतो, आणि पुन्हा विचारतो.

आम्ही इंटरनेटवर असे कोच शोधले. बहुतेक महानगरातले, बोलणं इंग्रजीत, आणि एका तासाची फी आमच्या आठवड्याच्या मानधनाएवढी. शिवाय कोच म्हणवून घ्यायला डॉक्टरसारखी नोंदणी लागत नाही, त्यामुळे कोण खरा नि कोण खोटा हे कळायला मार्ग नाही. आम्ही फोन बाजूला ठेवला आणि बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा काढलं.

परळच्या चाळीतली ती एकच खोली आपल्या सगळ्यांना पाठ आहे. माणसं जास्त, जागा कमी. भीमराव लवकर झोपायचे. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवायचे आणि त्यानं मोकळ्या केलेल्या जागेत स्वतः आडवे व्हायचे. भीमराव पहाटेपर्यंत दिव्याच्या उजेडात वाचायचे. ही गोष्ट आम्ही शंभरदा सांगितली असेल, पण दर वेळी जागणाऱ्या मुलाची सांगितली. जागवणाऱ्या बापाची सांगितली नाही. बाबासाहेबांना एडीएचडी होता असं आम्ही मुळीच म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की ज्या प्रज्ञेपुढं जग झुकलं, तिच्यासाठीही कुणीतरी वेळ लावून दिली, जागा करून दिली, आपली झोप मोडली. शिस्त एकट्याच्या कवटीत तयार होत नाही. ती माणसांमाणसांत तयार होते. अठरा तासांची गोष्ट आपण अर्धीच सांगतो ती ही अशी.

मग आम्ही चार-पाच जणांनी विहाराच्या अभ्यासिकेत एक साधी पद्धत सुरू केली. अडीच वर्षांच्या चुका करून जे टिकलं ते सांगतो.

पहिलं, सोबत बसणं. सकाळी सात ते नऊ. प्रत्येकानं आल्यावर एकच काम मोठ्यानं सांगायचं, उठताना झालं की नाही ते सांगायचं. कुणी कुणाला शिकवत नाही. शेजारी माणूस असला की काम सुरू होतं, एवढंच.

दुसरं, डोक्यावर विश्वास नाही. भिंतीवर फळा आहे. प्रत्येक फाईलचं नाव, शेवटची तारीख आणि त्यापुढं दोन माणसांची नावं. एकाच्या नावावर फाईल राहत नाही. फाईल कुणी घरी न्यायची नाही.

तिसरं, पहिलं पाऊल हाताला लागेल एवढं लहान. 'फॉर्म भरणे' हे काम नव्हे, तो डोंगर आहे. 'उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स काढणे' हे काम आहे.

चौथं, प्रश्न बदलला. 'का नाही केलं?' हा ठाणेदाराचा प्रश्न. 'कुठं अडलं?' हा सोबत्याचा प्रश्न. पहिल्या प्रश्नाला माणूस खोटं बोलतो किंवा यायचंच बंद करतो. दुसऱ्या प्रश्नाला सांगतो, "तलाठ्याकडं जायची लाज वाटते." मग आम्ही सोबत जातो.

पाचवं आणि सगळ्यांत मोलाचं, बदलाच्या आधीची बैठक. लग्न, बाळंतपण, नवी नोकरी, बदली, घरातला मृत्यू, स्पर्धा परीक्षा सोडणं, यापैकी काहीही समोर असलं की आम्ही त्या माणसासोबत एक कागद घेऊन बसतो. आज तुला कोण उठवतं? आठवण कोण देतं? तू बसतोस कुठं? पैशांचा हिशेब कोण बघतं? बदलानंतर यातलं काय जाणार? जे जाणार त्याच्या जागी काय, हे आधीच लिहायचं, आणि बदल झाल्यावर पहिला महिनाभर रोज एक फोन. एका मित्रानं सहा वर्षांनी एमपीएससी सोडली आणि दुकानात नोकरी धरली. त्याच्या कागदावर लक्षात आलं, की अभ्यासिका सुटली म्हणजे त्याचं सकाळचं उठणंच सुटणार. म्हणून तो आजही सातला येतो, अर्धा तास बसतो आणि दुकानात जातो. एक ताई लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली. तिचा रोजचा फोन आम्ही दोन आठवड्यांत विसरलो. तिचं डी. एड.चं वर्ष वाया गेलं. हेही सांगायला हवं, कारण पद्धत ही माणसांच्या भरवशावर चालते आणि माणसं चुकतात. तेव्हापासून फोनचं काम दोघांकडं असतं.

यावर आमचे काही कार्यकर्ते मित्र चिडतात. म्हणतात, "आपल्या पोरांना आधीच मंद म्हणतात, त्यात तुम्ही आणखी एक चिठ्ठी चिकटवता." त्यांची भीती खोटी नाही. पण चिठ्ठी आधीच चिकटलेली आहे, तिच्यावर 'नालायक' असं लिहिलं आहे. आम्ही ती काढून खरं नाव लिहितो. खरं नाव कळलं तरच हक्क मागता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. ही मागणी कोण करणार, जर आपण नावच घेणार नसू?

दुसरे म्हणतात, "विपश्यना करा, सगळं नीट होईल." ध्यानाचा फायदा आम्हालाही होतो, पण ज्याला दहा मिनिटं बसवत नाही त्याला दहा दिवस बसवून तो अपराधी होऊन परतण्याचा धोका असतो. आणि मुळात पालीतला 'सति' हा शब्द संस्कृत 'स्मृती'चा भाऊ आहे. त्यात आठवण ठेवणं आहे. तथागतांनी ही आठवण एकट्या भिक्खूच्या डोक्यावर सोडली नाही. दर पंधरवड्याला उपोसथाला संघ एकत्र बसे आणि पातिमोक्खाचे नियम मोठ्यानं म्हटले जात. चूक झाली असेल तर भिक्खू ती सांगे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही व्यवस्था. संघं सरणं आपण रोज म्हणतो, त्याचा एक अर्थ हाही आहे.

आणि गावातल्या साध्या माणसांच्या हातून मानसिक आरोग्याचं काम होतं, हे वऱ्हाडानंच दाखवलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. २०१७ मध्ये हे 'लॅन्सेट सायकायट्री'त छापून आलं. ते काम नैराश्याचं होतं, एडीएचडीचं नाही. पण वाट तीच आहे. आपल्या तालुक्यांत आशा सेविका आहेत, विहार आहेत, अभ्यासिका आहेत. नाही ते एवढंच: तालुक्याच्या रुग्णालयात ठरलेल्या दिवशी येणारा मानसोपचारतज्ज्ञ. ती मागणी आपल्या निवेदनांत यायला हवी, आणि उरलेलं आपण उद्या सकाळी सातपासून सुरू करू शकतो.

त्या मुलीचा अर्ज पुढच्या वर्षी वेळेत गेला. गेलेल्या वर्षाचे पैसे तिला मिळाले नाहीत. त्या वर्षी तिच्या आईनं कर्ज काढलं होतं, ते अजून फिटतं आहे. आमच्या निदानानं ते फिटत नाही, आणि निदान पुढं करून आम्ही माफीही मागत नाही.

यंदाच्या १४ एप्रिलला आम्ही ते जुनं वाक्य म्हटलं नाही. पोरांना विचारलं, "तुला रात्री दोनला कोण उठवतं? आणि तू कुणाला उठवतोस?" टाळ्या पडल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर एक पोरगा थांबला, चप्पल घालता घालता म्हणाला, "दादा, सातले येऊ का?"

ये म्हटलं. फळ्यावर त्याचं नाव लिहिलं, आणि त्यापुढं आमचं.

जय भीम!